विश्लेषण : गिरण्यांच्या रंगांचे गुपित माटुंग्यात कसे उलगडले? कोण होते के. व्यंकटरामन?

गिरणगावात एकेकाळी कापड इथलेच, कामगार इथलेच, पण कापडावर चढणारा रंग मात्र जर्मनी, स्वित्झर्लंड नाहीतर इंग्लंडचा असे. डब्यावर कंपनीने दिलेले नाव आणि छटेचा क्रमांक, एवढीच माहिती. आत नेमके कोणते रसायन आहे, हे रंगखात्यात क्वचितच कुणाला ठाऊक असे. ही स्थिती बदलण्यात मुंबई विद्यापीठाच्या एका विभागाचा आणि त्याचे १९ वर्षे नेतृत्व करणाऱ्या कृष्णस्वामी व्यंकटरामन यांचा मोठा वाटा आहे. माटुंग्यातली ही संस्था जुन्या लोकांच्या तोंडी आजही ‘यूडीसीटी’च आहे.

रंग परदेशातून का येत?

इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला, पण या शोधाचा उद्योग उभारला तो जर्मनीने. डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांतून तिथल्या कंपन्यांनी आधी मंजिष्ठेच्या लाल रंगाला आणि १८९७ पासून नैसर्गिक निळीला पर्याय बाजारात आणला. बिहार-बंगालमधील निळीची शेती त्यानंतर काही वर्षांतच कोलमडली. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला तेव्हा आपण किती परावलंबी आहोत, हे मुंबईच्या गिरण्यांना कळले. पुढे १९२५ मध्ये जर्मनीत ‘आयजी फार्बेन’ आणि १९२६ मध्ये ब्रिटनमध्ये ‘आयसीआय’ या बलाढ्य कंपन्या उभ्या राहिल्या आणि बाजारावरील मूठभरांची पकड अधिकच घट्ट झाली.

पेटंटे उघड असतात, मग अडचण काय, असा प्रश्न पडू शकतो. पेटंट वाचून रंग करता येतोच असे नाही. एकाच पेटंटात अनेक संयुगे नोंदवलेली असतात. त्यांतले कोणते डब्यात भरून विकले जाते, तापमान किती ठेवायचे, शुद्ध कसे करायचे, हा तपशील कारखान्याबाहेर जात नसे.

विद्यापीठाने विभाग का काढला?

मुंबई विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. सुरुवातीचे विषय दोन : वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. शहराची गरज काय होती, हे त्यावरूनच कळते. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याला इथे पुढचे तांत्रिक शिक्षण मिळे. पहिले प्रमुख आर. बी. फोर्स्टर हे ब्रिटिश होते. विभागाची पहिली दहा वर्षे दक्षिण मुंबईत, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेली. १९४३ मध्ये तो माटुंग्यात आला. शेजारी व्हीजेटीआय होतीच. तीही १९२३ मध्ये इथे स्थलांतरित झाली होती.

व्यंकटरामन मुंबईत कसे आले?

जन्म ७ जून १९०१, मद्रास. तिथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधून शिक्षण घेतल्यावर सरकारी शिष्यवृत्तीवर ते मँचेस्टरला गेले. मँचेस्टर म्हणजे कापडाची राजधानी, त्यामुळे रंगरसायन शिकायला याहून योग्य गाव नव्हते. पण तिथे त्यांना रॉबर्ट रॉबिन्सनही भेटले. वनस्पतींतील रंगद्रव्यांची रचना उलगडणाऱ्या या शास्त्रज्ञाला पुढे १९४७ मध्ये नोबेल मिळाले. रॉबिन्सन यांच्यासोबत व्यंकटरामन यांनी फ्लेव्होन वर्गातील संयुगांवर काम केले. फुलापानांतील अनेक पिवळी द्रव्ये याच घराण्यातली.

भारतात परतल्यावर काही काळ बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि मग लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजमध्ये त्यांनी काम केले. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत त्यांचे नाव कायमचे गेले ते लाहोरमधल्या कामामुळे.

बेकर-व्यंकटरामन पुनर्रचना म्हणजे काय?

सोप्या शब्दांत सांगायचे तर एका रेणूतील अणूंचा गट आपल्याच रेणूत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवणे. अल्कलीच्या साह्याने हा गट ऑक्सिजनवरून शेजारच्या कार्बनवर जातो. मग आम्लाने रेणूची कडी बंद केली की फ्लेव्होन तयार होते. वनस्पतीत तयार होणारे पिवळे द्रव्य प्रयोगशाळेत घडवण्याचा हा सरळ मार्ग ठरला. इंग्लंडमध्ये विल्सन बेकर यांनी १९३३ मध्ये आणि लाहोरमध्ये व्यंकटरामन व त्यांचे सहकारी एच. एस. महल यांनी १९३४ मध्ये, असे हे काम स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. सेंद्रिय रसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही अभिक्रिया आजही शिकावी लागते. ती अर्ध्या लाहोरची आहे, हे मात्र फार कमी जणांना माहीत असते.

त्याच वर्षी, १९३४ मध्ये, ते मुंबईच्या विभागात दाखल झाले आणि १९३८ मध्ये त्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

या प्रयोगशाळेत वेगळे काय होते?

दोन कामे एकाच छताखाली चालत. एकीकडे गिरणीला लागणारे रसायन, दुसरीकडे निव्वळ कुतूहलातून होणारे संशोधन. त्या काळी हे दोन्ही एकत्र ठेवणे सोपे नव्हते. उद्योगाला तयार माणसे हवी होती, तर विद्यापीठाला शोधनिबंध.

गिरणीची बाजू समजून घ्यायची तर ‘वॅट’ वर्गातील रंग पाहावेत. हे रंग म्हणजे पाण्यात न विरघळणारी बारीक भुकटी. कॉस्टिक सोडा आणि सोडियम हायड्रोसल्फाइट घातले की ती विरघळते आणि सुताच्या धाग्यात शिरते. मग हवेतील ऑक्सिजन लागताच रंग धाग्याच्या आतच पुन्हा अविद्राव्य होतो. म्हणून तो धुण्याने जात नाही. नीळ अशीच चढते. इथे भुकटीचा कण किती बारीक, यावर बरेच काही अवलंबून असते. कण जाड राहिला तर कापडावर ठिपके उठतात. आत कोणते रसायन आहे आणि ते असे का वागते, हे कळले तर रंगखात्यातला माणूस बिघाडाचे कारण शोधू शकतो. नाहीतर कंपनीच्या प्रतिनिधीची वाट पाहणे आले.

अनोळखी रंग ओळखण्याचा एक मार्ग म्हणजे त्याचा रेणू तोडून तुकडे तपासणे. १९४० च्या दशकात या विभागात त्यासाठी रॅने निकेलचा उपयोग केला गेला. ही धातूची एक गमतीदार भुकटी आहे. निकेल आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू दळायचा आणि कॉस्टिक सोड्यात टाकायचा. ॲल्युमिनियम विरघळून जाते आणि मागे उरते ते स्पंजासारखे सच्छिद्र, हायड्रोजनने भरलेले निकेल. कोरडे झाले तर हवेतच पेट घेते, म्हणून ते पाण्याखाली ठेवतात. या भुकटीने रंगाच्या रेणूतील ठरावीक बंध तोडता येतात. या कामातील त्यांचे एक सहकारी म्हणजे त्यांचेच विद्यार्थी बी. डी. टिळक. पुढे टिळक यूडीसीटीचे आणि नंतर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.

युद्धानंतर काय बदलले?

१९४५ मध्ये जर्मनी हरला आणि ब्रिटिश व अमेरिकी तज्ज्ञांची पथके तिथल्या कारखान्यांत शिरली. आयजी फार्बेनच्या प्रक्रियांचे तपशील गोळा करून त्यांनी अहवाल प्रसिद्ध केले. अनेक दशकांची गुपिते हजारो पानांत अचानक जगापुढे आली. मात्र अहवाल विस्कळीत होते. कुठे एका कारखान्याची टिपणे, कुठे दुसऱ्याची.

व्यंकटरामन यांनी हे अहवाल, पेटंटे आणि शोधनिबंध एकत्र लावले. त्यातून १९५२ मध्ये ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ हा दोन खंडांचा, हजाराहून अधिक पानांचा इंग्रजी ग्रंथ न्यूयॉर्कमधून प्रसिद्ध झाला. त्याचे रशियन भाषांतरही झाले. रंगांचा उद्योग जेमतेम रांगू लागलेल्या देशातील विद्यापीठात बसून लिहिलेले हे पुस्तक, हा उद्योग जिथे मुरला होता त्या देशांतही संदर्भासाठी उघडले जाऊ लागले. प्रस्तुत लेखकाच्या मते पुनर्रचनेपेक्षाही हे त्यांचे मोठे काम. रंगांविषयीची विखुरलेली माहिती त्यांनी वर्गात शिकवता येईल अशी केली.

अर्थात पुस्तकाने कारखाने उभे राहत नाहीत. भांडवल लागते, आणि रंगाआधीची मधली रसायनेही लागतात, जी तेव्हा बहुतांशी आयात होत. पण स्वातंत्र्यानंतर वलसाडजवळ ‘अतुल’, कल्याणला ‘इंडियन डायस्टफ इंडस्ट्रीज’ असे कारखाने सुरू झाले, तेव्हा रंगरसायन शिकलेली माणसे देशातच मिळू लागली होती. पुढे उद्योजक झालेले केकी घरडा हेही याच काळातले यूडीसीटीचे विद्यार्थी. त्यांच्याही उद्योगाची सुरुवात रंगांपासूनच झाली.

पुण्यात त्यांनी काय केले?

१९५७ मध्ये ते राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्याआधीचे दोन्ही संचालक परदेशी होते. १९६१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६६ मध्ये निवृत्त झाले तरी काम थांबले नाही. पुण्यात ते पुन्हा निसर्गातल्या रंगांकडे वळले होते. लाखेच्या किड्यापासून मिळणाऱ्या लाल रंगाची रचना त्यांच्या गटाने उलगडली. फणसाच्या लाकडातील पिवळ्या द्रव्यांवरही काम झाले. याच लाकडाच्या रंगात बौद्ध भिक्षूंची चीवरे रंगवली जात. १९५२ चा ग्रंथ त्यांच्या संपादनाखाली वाढत गेला आणि १९७८ मध्ये आठव्या खंडापर्यंत पोहोचला. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज त्या विद्येचा उपयोग काय?

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, गिरण्यांचा संप झाला. मुंबईतली बहुतेक रंगखाती नंतर बंद पडली आणि रंगांचे उत्पादन मुख्यतः वापी, अंकलेश्वरच्या पट्ट्यात एकवटले. तिथल्या सांडपाण्याचा प्रश्न हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. यूडीसीटी २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झाले आणि आता ‘आयसीटी’ नावाने ओळखले जाते.

रेणू तोडून रंग ओळखण्याची विद्या मात्र वेगळ्याच कारणाने पुन्हा महत्त्वाची झाली. काही ‘अझो’ रंगांपासून कर्करोगकारक अमाइन सुटतात, म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये आणि भारताने १९९७ मध्ये अशा रंगांवर बंदी घातली. निर्यातीच्या शर्टाचा तुकडा आता प्रयोगशाळेत जातो. तिथे सोडियम हायड्रोसल्फाइटनेच रंगाचा बंध तोडतात आणि सुटलेली अमाइन मोजतात. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाली तर माल परत येतो.