अनिच्कोव यांचे ससे, केनियातले बबून

रक्ततपासणीच्या अहवालात एलडीएलचा आकडा वाढलेला दिसला की आपण तुपाच्या बरणीकडे संशयाने पाहू लागतो. या संशयाला प्रयोगाचा पहिला भक्कम आधार दिला तो निकोलाय अनिच्कोव या रशियन विकृतिशास्त्रज्ञाने.

त्यांचा जन्म १८८५ सालचा, सेंट पीटर्सबर्गचा. तिथल्याच लष्करी वैद्यकीय अकादमीत ते शिकले. १९०८मध्ये इग्नातोव्स्की यांनी सशांना मांस, दूध, अंडी खाऊ घातली आणि त्यांच्या महाधमनीत थर साचले. दोष प्रथिनांचा, असे त्यांना वाटले. अनिच्कोव आणि त्यांचे सहकारी खलातोव यांनी अंड्याच्या बलकातून काढलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांना दिले. नुसते तेल मिळालेल्या सशांना काही झाले नाही. बाकीच्यांच्या धमन्यांत चरबी साचली. हे १९१३ साल. अनिच्कोव तेव्हा तिशीच्याही आतले.

इतके स्वच्छ उत्तर मिळूनही जगाने ते फारसे मनावर घेतले नाही. कारण उंदीर आणि कुत्रे! त्यांना तेच खाऊ घातले तरी धमन्या साफ. ससा तर गवत खाणारा, त्याच्यावरून माणसाचे काय ठरवणार? आक्षेप अगदीच पोकळ नव्हता.

कोडे सुटू लागले १९५०च्या सुमारास. चरबी पाण्यात विरघळत नाही, रक्तातून फिरायला तिला प्रथिनांचे वाहन लागते. अमेरिकेत जॉन गोफमन यांनी ही वाहने अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात घनतेनुसार वेगळी केली. उंदीर-कुत्र्यांचे बरेचसे कोलेस्टेरॉल एचडीएलवर असते, माणसाचे मुख्यतः एलडीएलवर. धमनीच्या भिंतीत साचते ते हे दुसरे.

मग माणसाचे जवळचे नातलग तपासणे ओघानेच आले. १९५३मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी कॅपुचिन माकडांना कोलेस्टेरॉल भरपूर आणि गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असा आहार दिला. धमन्यांत थर दिसले. १९६०मध्ये केनियातल्या बबूनांच्या धमन्यांचा अहवाल आला. रानातल्या चाऱ्यावर वाढलेल्या या माकडांतही चरबीच्या रेषा होत्या. माणसासारखे रक्तवाहिनी तुंबवणारे अडथळे मात्र नव्हते.

कोलेस्टेरॉल हे एकमेव कारण आहे, असे खुद्द अनिच्कोव यांनी मानले नाही. रक्तदाबासारख्या गोष्टीही ते हिशेबात धरत. १९४६ ते १९५३ ते सोव्हिएत वैद्यकीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते. ७ डिसेंबर १९६४ रोजी लेनिनग्राडमध्ये त्यांचे निधन झाले, हृदयविकाराच्या झटक्याने.