दुखणाइतांच्या उशाशी : रमाबाई रानडे

रमाबाई हे नाव घेतले की आमच्या मंडळ्यांतील वाचकांस केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच काळी पुण्यात दुसऱ्या एक रमाबाई होऊन गेल्या, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी. उमापुरासारख्या गावी ज्यांस दुखणाइतांच्या समाचारास नेहमी जावे लागते, त्यांनी यांचेही चरित्र जाणावे असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे गावी कुर्लेकरांच्या घरी झाला. १८७३ साली, अकराव्या वर्षी, लग्न झाले तेव्हा त्यांस अक्षरओळखही नव्हती. पतीनेच त्यांस शिकविले. पुढे मिस हरफर्ड नावाच्या मिशनबाईंपाशी त्या इंग्रजी शिकू लागल्या, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बायकांस तो विटाळ वाटे. शिवाशिवीचा हा जाच त्यांनी स्वतः सोसला होता, हे ध्यानात ठेवावे.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती वारले. १९०९ साली रमाबाईंनी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्याने पुण्यात सेवासदन उभे केले, आणि तेथून विधवांस ससून इस्पितळात नर्सचे काम शिकावयास पाठविले. आज हे सोपे दिसते. परंतु परक्याचे रक्त-पू धुवावे, वाटेल त्या जातीच्या रोग्यास शिवावे, हे काम ब्राह्मणाघरच्या विधवेने करणे तेव्हा पुष्कळांस लाजिरवाणे वाटे.

याचा लाभ कोणास झाला? आमच्या मते, खाटेवर कण्हत पडलेल्या बाईस. डोके ठणकते, बरगडीत चमक निघते, पोटात मुरडा येतो, गळू ठुसठुसते, छातीत कळ येते. आपल्या भाषेत वेदनेवेदनेस निराळा शब्द आहे, आणि प्रत्येक शब्द डॉक्टरास काही निराळे सांगतो. परंतु पुरुषापुढे तोंड न उघडणारी बाई तो शब्द बोलणार कोणापाशी? जी तिचीच बोली बोलते आणि तिच्या अंगास हात लावावयास कचरत नाही, तिच्यापाशी.

विलायतेत फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी सांगितले आहे की, बोलताना रोग्यास मान न वळविता दिसेल असे बसावे. अर्धवट कानी पडेल अशी कुजबुज दाराशी करू नये. पोकळ धीर देऊ नये. आमच्या गावी तर समाचारास आलेला मनुष्य त्याच दुखण्याने कोण कोण गेले हेच बहुधा मोजून दाखवितो!

रमाबाई केवळ दुसऱ्यांस पाठवून स्वस्थ बसल्या नाहीत. फळे, फुले आणि पुस्तके घेऊन त्या इस्पितळातील रोग्यांस भेटावयास नेमाने जात. तुरुंगातील स्त्रीकैद्यांकडेही जात. १९२४ साली त्या वारल्या. सेवासदनाचे काम त्यांच्यामागेही चालू राहिले.