अंग बाहेर येण्याच्या विकारावर आधार शोधणारे डॉ. शिरोडकर

ज्यांच्या नावाने शस्त्रक्रिया जगभर ओळखल्या जातात, असे भारतीय शल्यविशारद मोजकेच. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे त्यांतील अग्रगण्य होत. गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयाच्या मुखाला घातला जाणारा 'शिरोडकर टाका' सर्वश्रुत आहे. मात्र अंग बाहेर येण्याच्या विकाराने गांजलेल्या तरुण स्त्रियांसाठी त्यांनी केलेले कार्य सर्वसामान्यांना फारसे ठाऊक नाही.

पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात, शिरोडा गावी, २७ एप्रिल १८९९ रोजी त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १९२७ मध्ये ते एम.डी. झाले. १९३१ मध्ये इंग्लंडमधील एफ.आर.सी.एस. ही पदवी मिळवून ते परतले आणि पुढे जे. जे. रुग्णालयात व ग्रँट महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचे रुग्णसेवक व अध्यापक म्हणून स्थिरावले.

कोवळ्या वयातील विवाह, पाठोपाठची बाळंतपणे आणि बाळंतपण उरकताच पुन्हा कष्टाची कामे यांमुळे ओटीपोटाचा तळ सैल पडून गर्भाशय खाली उतरे. ऐन तारुण्यात हा विकार जडलेल्या स्त्रिया लज्जेपोटी वर्षानुवर्षे तो दडवून ठेवत. प्रचलित शस्त्रक्रिया मुख्यतः दोन होत्या. एक तर गर्भाशय काढून टाकणे, अन्यथा 'मँचेस्टर' शस्त्रक्रिया. या दुसऱ्या पद्धतीत गर्भाशयाच्या मुखाचा भाग कापला जाई. विकार दूर होई खरा, परंतु गर्भ राहणे अवघड होई आणि राहिला तरी तो अकाली निसटण्याचे भय असे. मूल नाही म्हणून जिला माहेरी धाडले जाण्याची शक्यता होती, तिच्या दृष्टीने हा उपचार रोगाइतकाच क्रूर होता.

शिरोडकरांनी ही पद्धत सुधारली. गर्भाशयाचे मुख शाबूत ठेवून त्यामागील बंध सोडवायचे आणि ते पुढे आणून एकमेकांवर जोडायचे. जिथे मूळचे बंधच दुबळे, तिथे त्यांनी पोटाच्या मार्गाने झोळीसारखा आधार दिला. पट्टीचे एक टोक गर्भाशयाच्या मागील बाजूस आणि दुसरे कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीच्या उंचवट्यावर. डाव्या बाजूने मोठे आतडे आड येते, म्हणून तेथे पट्टी स्नायूच्या आधाराने वळवून घ्यावी लागे. काम अत्यंत नाजूक आणि हात तयार असल्याखेरीज न होणारे!

१९५५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला टाकाही याच विचारातला. त्यासाठी प्रारंभी रुग्णेच्याच मांडीतील चिवट पडद्याची पट्टी वापरली जाई. १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान त्यांना लाभले. ७ मार्च १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर निदान बरेच नेमके झाले. अंग किती उतरले, हे सेंटिमीटरमध्ये मोजण्याची प्रमाणित पद्धत १९९६ मध्ये आली. सोनोग्राफी व एमआरआयने स्नायूंची इजा दिसू लागली. सौम्य विकारात व्यायाम आणि आधाराची कडी यांवर भागते. योनीमार्गे बसवायच्या कृत्रिम जाळ्यांचा मात्र बराच गाजावाजा झाला आणि गुंतागुंतीच्या तक्रारी वाढल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये या विकारासाठी त्यांची विक्री थांबवली. पोटातून बसवायच्या पट्टीला तो आदेश लागू नव्हता. गर्भाशय राखू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी त्रिकास्थीचा तोच आधार आता दुर्बिणीच्या साहाय्याने दिला जातो.