घरच्या फोटोचं दिवाळी भेटकार्ड : दादासाहेब फाळके यांच्या आयुष्यातून सुटलेला एक हिशोब



आजचा विषय आहे आपल्याच मोबाइलमधल्या फोटोंपासून दिवाळीचं भेटकार्ड बनवणं. पण आज अ‍ॅपची यादी देणार नाही. आज एका माणसाची गोष्ट सांगतो, कारण माझं अडलेलं काम त्याच्यामुळे सुटलं. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, आपण ज्यांना दादासाहेब फाळके म्हणतो ते.

आधी माझं काय अडलं ते सांगतो. आम्ही अंबाजोगाईचे, योगेश्वरीच्या देवळाजवळ घर. आजीच्या शेवटच्या दिवाळीत ती ओट्यावर पणत्या लावत होती, तेव्हा मी तिचा एक फोटो काढला. पुढे तो फोन पाण्यात पडला. बॅकअप घेतलेला नव्हता. उरली ती फक्त आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली कॉपी. वर्षश्राद्धाला ती १२ बाय १८ इंचांत छापून फ्रेम केली, तर आजीचा चेहरा सगळा फुटलेला. आत्या काही बोलली नाही, पण ती फ्रेम भिंतीवर लागली नाही. फोटो वाया गेला असं मी धरून चाललो होतो. मग फोटो कागदावर उतरतो कसा, हे शोधायला लागलो आणि फाळके भेटले.

सिनेमाच्या आधीचे फाळके

आपल्याला फाळके माहीत असतात ते ‘राजा हरिश्चंद्र’मुळे. पण हा चित्रपट आला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. त्याआधीची बरीच वर्षं त्यांनी फोटो काढण्यात आणि तो कागदावर छापण्यात घालवली होती.

त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. वडिलांना मुंबईत शिकवायची नोकरी लागली आणि कुटुंब तिकडे गेलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. कला शाळेत दाखल झाले. नंतर बडोद्याला कलाभवनात शिकले. तिथे चित्रकलेबरोबर फोटोग्राफीचा नाद लागला. १८९० मध्ये त्यांनी स्वतःचा कॅमेरा घेतला. पुढे ब्लॉक तयार करणं, दगडावरून छपाई, तीन रंगांची छपाई अशी एकेक विद्या ते शिकत गेले.

१८९५ च्या सुमारास त्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय सुरू केला. तिथेच प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. ते बडोद्याला परतले आणि पुन्हा फोटोचं दुकान मांडलं. पण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो, फोटो काढला की माणूस लवकर मरतो, अशी अफवा तेव्हा लोकांत होती. धंदा बसला. मग काही काळ त्यांनी नाटक मंडळ्यांसाठी काम केलं. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं. या सरस्वतीबाई पुढे त्यांच्या प्रत्येक कामात बरोबर होत्या. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नक्षानवीस म्हणून नोकरी लागली, पण तीही त्यांनी सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. रविवर्मा प्रेससाठी ते काम करून देत. नंतर छापखाना मुंबईत दादरला आला.

ठिपक्यांचं गणित

माझं कोडं इथेच सुटलं. छापखान्याला करडा रंग येत नाही. एका जागी शाई लागते, नाहीतर लागत नाही. मग फोटोतली सावली कशी छापायची? त्यासाठी फोटो बारीक रेघांच्या काचेतून पुन्हा टिपायचा. त्याचे लहानमोठे ठिपके होतात. गडद भागात मोठे, उजळ भागात बारीक. लांबून पाहिलं की डोळा ते जोडून घेतो. याला हाफटोन म्हणतात आणि फाळके याच कामात तरबेज होते. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरा, हे ठिपके आजही दिसतील.

आता आपला डिजिटल फोटो बघा. त्यातही चौकोनी ठिपकेच असतात, म्हणजे पिक्सेल. फोटो हातात धरून बघायचा असेल तर एका इंचात साधारण ३०० पिक्सेल हवेत. माझ्या कॉपीची उंची होती १६०० पिक्सेल आणि रुंदी १२००. १८ इंच उंचीत १६०० पिक्सेल पसरले की एका इंचाला जेमतेम ८९ येतात. चेहरा फुटणारच! पण ए-फोर कागद अर्धा कापून त्याची मधोमध घडी घातली, तर कार्डाचं तोंड होतं १०५ बाय १४८ मिलिमीटर, म्हणजे पावणेसहा इंचांहून थोडं जास्त उंच. तिथे इंचाला २७४ पिक्सेल बसतात. झालं की काम! फोटो वाया गेला नव्हता, मी त्याला चुकीच्या मापात ताणला होता.

तीन रंग, आणि जर्मनी

रंगीत छपाईसाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीला गेले आणि यंत्रं घेऊन आले. तेव्हा एका चित्राचे तीन ब्लॉक करत, पिवळा, तांबडा आणि निळा, आणि ते एकावर एक छापत. आपला घरचा प्रिंटरही हेच करतो, फक्त काळी शाई जास्तीची. मोबाइलचा पडदा मात्र स्वतः प्रकाश देतो, कागद देत नाही. म्हणून पणत्यांचा फोटो पडद्यावर झगमगतो आणि कागदावर काळवंडतो. उपाय सोपा आहे. छापण्याआधी फोटो थोडा उजळ करा आणि एक प्रत काढून दिवसाच्या उजेडात बघा.

रोज एक चित्र

भागीदाराशी पटेना म्हणून फाळके छापखान्यातून बाहेर पडले, रिकाम्या हातांनी. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले देव पडद्यावर आणायचं ठरवलं. रात्रंदिवस अभ्यास करून दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली. १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले आणि कॅमेरा आणला. पैसे देणाऱ्यांना पटावं म्हणून कुंडीत वाटाण्याचं बी लावलं आणि महिनाभर त्याची एकेक फ्रेम टिपत गेले. पडद्यावर मिनिटभरात रोप उगवलं. देव, राजे, राजवाडा काही नाही, घरातली एक कुंडी! त्यावर भांडवल उभं राहिलं. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, अंधारात बसून फिल्मला भोकं पाडली, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला.

पुढे सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट त्यांच्या नावावर जमा झाले. बोलपट आले आणि ते मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. त्यांच्या बहुतेक चित्रपटांची रिळं आज नाहीत. वाचले ते थोडे भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेले आहेत. चित्र काढणं एक आणि ते टिकवणं वेगळं, हे माझ्या त्या पाण्यात पडलेल्या फोनने मला शिकवलंच होतं.

आता तुमचं कार्ड

१. मूळ फाइल वापरा. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, म्हणजे पिक्सेल कमी होत नाहीत.
२. फोटोची उंची पिक्सेलमध्ये बघा आणि ३०० ने भागा. जेवढे इंच येतील तेवढंच मोठं छापा.
३. कडेने पाच मिलिमीटर पांढरी जागा सोडा. बरेच घरगुती प्रिंटर कडेपर्यंत छापत नाहीत.
४. कागद २०० ते २५० जीएसएमचा घ्या. तुमचा प्रिंटर तेवढा जाड कागद घेतो का, ते आधी तपासा.
५. घडीच्या जागी पट्टी धरून बोथट सुरीने हलकी रेघ ओढा, मग दुमडा. कागद फाटत नाही.
६. मूळ फोटोची एक कॉपी दुसरीकडे ठेवाच. हे विसरू नका.

मी या दिवाळीला आजीच्या फोटोची वीस कार्डं केली. ए-फोरचे दहा कागद लागले. आत मजकूर आईने हाताने लिहिला. लातूरच्या आत्याने तिचं कार्ड आरशाच्या कडेला खोचून ठेवलंय. चेहरा नीट दिसतोय.

तुम्हा सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. भेटू पुढच्या लेखात!