वर्गांच्या बेरजेत रमलेला देवळालीचा शिक्षक

४५ या संख्येचा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन भाग करून बेरीज केली, की पुन्हा ४५ हाती येतात. ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. अशा संख्यांची मालिका ९, ४५, ५५, ९९, २९७, ७०३ अशी पुढे सरकते. जगभरचे गणिती तिला 'कापरेकर संख्या' म्हणून ओळखतात. हे नाव आहे नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळामास्तरांचे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच ते आईला पारखे झाले. कारकुनी करणाऱ्या वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. त्यातील आकडेमोडीने मुलाला गणिताची गोडी लावली. ठाण्यात शालेय शिक्षण पूर्ण करून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते बी. एस्सी. झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. देवळालीत शिक्षकी पत्करून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच शिकवीत राहिले.

तत्कालीन जीआयपी रेल्वेवरील डोंबिवली स्थानकावर त्यांना एक कल्पना सुचली आणि तिला त्यांनी स्थानकाचेच नाव दिले : डेम्लो संख्या. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. गंमत अशी, की या वर्गांतील अंकांची बेरीजही वर्गच असते : अनुक्रमे ४, ९ आणि १६. नऊ एकांच्या संख्येपर्यंत हा नियम ढळत नाही. तेथे बेरीज ८१ भरते.

१९४९ मध्ये त्यांनी ६१७४ चे रहस्य उलगडले. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच कृती करीत जावे. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. ३५२४ घेतल्यास ३०८७, मग ८३५२ आणि तिसऱ्या खेपेस ६१७४. स्वयंभू आणि हर्षद या संख्याही त्यांचेच देणे.

तरीही मान्यता दूरच राहिली. अनेक भारतीय गणितज्ञांना हे सारे पोरखेळ वाटे. कापरेकरांनी पदरमोड करून पुस्तिका छापल्या, परिषदांना हजेरी लावली, निबंध वाचले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडू लागल्याने त्यांना गणिताच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या.

मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या लोकप्रिय सदरात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले आणि कापरेकर जगाला ठाऊक झाले. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

विद्यापीठाचे पद नाही, संशोधनाची पदवी नाही. हाताशी होते ते कागद, पेन्सिल आणि अंकांचे अपार वेड. ज्या संख्यांना पोरखेळ म्हणून हिणवले गेले, त्यांनीच त्यांचे नाव गणिताच्या कोशात कायम केले.