निकोलाउस ओटो : ज्योतीपासून ठिणगीपर्यंत

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट भारताने २०२५ साली गाठले. या निमित्ताने जी चर्चा झाली ती ऊस, मळी, मका आणि गाडी लिटरमागे किती धावते, एवढ्याच गोष्टींभोवती घोटाळत राहिली. सिलिंडरातील इंधन नेमक्या क्षणी पेटविणारी यंत्रणा या चर्चेत क्वचितच डोकावली. वास्तविक इंधन कोणतेही असो, ते वेळेवर पेटले नाही तर इंजिन म्हणजे निव्वळ लोखंडाचे ओझे होय. पेट्रोल इंजिनाचे चक्र ज्याच्या नावाने ओळखले जाते त्या निकोलाउस आउगुस्ट ओटोला हे सत्य फार महागात पडून कळले. त्याचा पहिला प्रयत्न पेट्रोलचा नव्हता, तर स्पिरिटचा होता. त्या प्रयत्नापासून खात्रीच्या विजेच्या ठिणगीपर्यंत पोहोचावयास त्याला तेवीस वर्षे लागली.

ओटोचा जन्म १८३२ च्या जूनमध्ये जर्मनीतील नासाऊच्या डची राज्यात, होल्ट्सहाउझेन या खेड्यात झाला. वडील टपालठाणे, खानावळ आणि थोडी शेती सांभाळीत. मुलगा तान्हा असतानाच ते वारले. शाळेत ओटो हुशार होता, परंतु घरच्यांनी त्याला तंत्रशिक्षणाकडे न धाडता वाण्याच्या दुकानी उमेदवारीस ठेवले. पुढे फ्रँकफर्टला आणि नंतर कोलोनला तो नोकरीस लागला आणि चहा, साखर, कॉफी असा माल विकणारा फिरता विक्रेता झाला. गावोगाव हिंडणाऱ्या या तरुणाने यंत्रशास्त्राच्या वर्गात कधी पाऊल टाकले नव्हते. जगाच्या दळणवळणाचे रूप पालटणारे यंत्र अशा माणसाच्या हातून घडावे, ही गोष्ट पदव्यांच्या बाजारात वावरणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८६० साली पॅरिसमध्ये एत्येन लन्वार याने वायूवर चालणारे इंजिन बनविले आणि त्याचा युरोपभर बोलबाला झाला. दिव्यांसाठी नळातून येणारा कोळशाचा वायू हवेत मिसळून सिलिंडरात घ्यावयाचा आणि बॅटरीच्या ठिणगीने पेटवावयाचा, अशी त्याची रचना होती. ते वायू अतोनात खाई, तापे आणि त्याची ठिणगी लहरी असे. ओटोच्या नजरेने मात्र त्यातील दुसरेच व्यंग टिपले. हे इंजिन वायूच्या नळाला बांधलेले होते. शहरात वायूचे दिवे होते तेथे ते चालणार. खेड्यातल्या सुताराला, गिरणीवाल्याला अथवा रस्त्यावरून धावणाऱ्या वाहनाला त्याचा उपयोग काय? विक्रीसाठी खेडी पालथी घालणाऱ्या माणसालाच हा प्रश्न पडणे स्वाभाविक होते.

१८६१ च्या जानेवारीत निकोलाउस आणि त्याचा भाऊ विल्हेल्म यांनी प्रशियाच्या सरकारकडे पेटंटसाठी अर्ज केला. स्पिरिटची वाफ करून ती हवेत मिसळणाऱ्या उपकरणाची योजना त्यात होती. सरकारने तो अर्ज फेटाळला. नकाराबद्दल अधिकाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु स्पिरिट हे अवघड इंधन आहे, हेही मान्य करावयास हवे. त्याचे बाष्प होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली शुद्ध स्पिरिटपासून पेट घेण्याइतके बाष्पच निघत नाही. कोलोनच्या हिवाळ्यात असे इंजिन सुरू करावयाचे म्हणजे आधी ते तापविणे आले. शिवाय पेट्रोलला वजनाच्या साधारण पंधरापट हवा लागते, स्पिरिटला नऊपट पुरते. म्हणजे त्याच सिलिंडरात स्पिरिट अधिक सोडावे लागते. बाष्प कसे करावे, प्रमाण किती ठेवावे आणि पेटवावे केव्हा, हे तिन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात. ओटोपाशी तेव्हा पहिल्याचे अर्धेमुर्धे उत्तर होते आणि तिसऱ्याचे मुळीच नव्हते.

त्याने मिखाएल त्सोन्स या कोलोनच्या कारागिराकडून लन्वारच्या धर्तीचे छोटे इंजिन करवून घेतले. त्यावर खटपट करताना, मिश्रण पेटविण्यापूर्वी दाबले तर दट्ट्याला कितीतरी जोराचा धक्का बसतो, हे त्याच्या लक्षात आले. ओढणे, दाबणे, पेटविणे आणि धूर बाहेर टाकणे या चार धावांच्या चक्राचे बीज येथेच पडले. १८६२ मध्ये त्याने चार सिलिंडरांचे इंजिन उभे केले. परंतु स्फोटांचे हादरे असे बसले की ते यंत्र थोड्याच वेळात निकामी झाले. दाबलेले मिश्रण काबूत ठेवून पेटविण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. त्याने ही वाट चौदा वर्षे बाजूस ठेवली. या काळातील त्याच्या हालअपेष्टांची हकीकत बहुतांशी वाग्दत्त वधू आना गोसी हिला लिहिलेल्या पत्रांतून कळते. तिला लग्नासाठी १८६८ पर्यंत थांबावे लागले.

१८६४ साली ऑयगेन लांगेन ओटोच्या कार्यशाळेत आला. साखर कारखानदाराच्या घरचा हा शिकलेला इंजिनिअर पैसा आणि शास्त्र दोन्ही घेऊन आला, आणि त्याच वर्षी ३१ मार्चला दोघांची कंपनी स्थापन झाली. त्यांचे इंजिन आज विचित्रच वाटेल. उभ्या सिलिंडरातील दट्ट्या स्फोटाने वर फेकला जाई, आतील वायू निवल्यावर बाहेरच्या हवेच्या दाबाने तो खाली येई आणि उतरताना चाक फिरवी. खडखडाट प्रचंड होता आणि खोलीला उंच छत लागे. तथापि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात वायूचा खर्च मोजून पाहण्यात आला तेव्हा लन्वारच्या निम्म्याहून कमी वायूत ते तेवढेच काम करते असे आढळले, आणि सुवर्णपदक त्याला मिळाले. परीक्षकांमध्ये लांगेनचा मित्र फ्रान्झ रॉयलो हा होता. मोजमापाचा आग्रह त्याने धरला नसता तर हे गोंगाटी यंत्र कोपऱ्यातच पडून राहिले असते.

कंपनी वाढली, ऱ्हाइनच्या पलीकडे डॉइट्झ येथे मोठा कारखाना झाला. भांडवलासाठी नवे भागीदार येत गेले तसतसा ओटोचा स्वतःचा हिस्सा घटत गेला. १८७२ मध्ये गोटलीब डायमलर आणि विल्हेल्म मायबाख कारखान्यात आले. डायमलर आणि ओटो यांचे कधी जमले नाही. पदवीधर इंजिनिअर आणि दुकानात वाढलेला संशोधक यांच्यातील ही कुरबुर बरीच वर्षे चालली.

१८७६ मध्ये ओटो आपल्या जुन्या चार धावांच्या कल्पनेकडे परतला आणि या वेळी ती साधली. पहिले इंजिन ३ अश्वशक्तीचे होते आणि मिनिटाला सुमारे १८० फेरे करी. त्याच्या यशात प्रज्वलनाचा वाटा मोठा होता; पण त्याची मर्यादाही तेथेच होती. सिलिंडरालगत वायूची एक ज्योत सतत तेवत ठेवलेली असे. एक सरकती झडप आपल्या पोकळीत थोडी पेटती ज्योत उचलून घेई, बाहेरचे तोंड बंद करी आणि योग्य क्षणी आतले तोंड उघडून दाबलेल्या मिश्रणाला आग लावी. घड्याळजीने हेवा करावा अशी ही करामत होती. परंतु झडपेची ये-जा एका मर्यादेपलीकडे जलद करता येत नसे, दाब वाढविला तर ज्योत विझे, आणि ज्योतीसाठी वायूचा नळ लागेच. ज्या नळापासून सुटका करून घ्यावयास ओटो १८६१ मध्ये निघाला होता, तोच नळ १८७६ मध्ये त्याच्या सर्वोत्तम इंजिनाला चिकटून राहिला. पेट्रोलची वाफ वापरावी तर तिच्याशेजारी उघडी ज्योत ठेवणे म्हणजे दारूच्या कोठारात निरांजन लावण्यासारखेच होते.

गाठ सुटली ती १८८४ साली. कायम लोहचुंबकांच्या ध्रुवांमध्ये तारेचे वेटोळे बसविले. इंजिनाचा कंगोरा त्या वेटोळ्याला एका बाजूस ढकलतो आणि सोडून देतो. स्प्रिंग त्याला झटक्याने परत आणते. या झटक्याने तारेत वीज उत्पन्न होते. नेमक्या त्याच क्षणी सिलिंडराच्या आत एकमेकांस टेकलेली दोन टोके दांडी विलग करते आणि विलग होताना त्यांच्यामध्ये ठिणगी पडते. बॅटरी नको, ज्योत नको आणि नळही नको. इंजिन स्वतःच्या फिरण्यातूनच स्वतःची ठिणगी निर्माण करू लागले. व्हिएन्नात सिगफ्रीड मार्कस याच दिशेने काम करीत होता, त्यामुळे सारे श्रेय एकट्या ओटोच्या पदरात घालता येणार नाही. तथापि द्रवरूप इंधनावर चालणारी स्थिर इंजिने विश्वासाने विकता येऊ लागली ती डॉइट्झच्या या मॅग्नेटोमुळेच.

डायमलर आणि मायबाख १८८२ मध्येच डॉइट्झ सोडून गेले होते. त्यांनी बाहेरून तापवलेल्या लाल नळीने मिश्रण पेटविण्याची युक्ती काढली आणि मिनिटाला ६०० च्या घरात फेरे करणारे हलके इंजिन केले. वेगाच्या शर्यतीत ते पुढे गेले हे निर्विवाद आहे. परंतु तापलेल्या नळीला ठिणगीप्रमाणे क्षण नेमून देता येत नाही, आणि बर्नरही सतत जळत ठेवावा लागतो. काही वर्षांतच ती पद्धत मागे पडली.

ओटोच्या वाट्याला मात्र या सुमारास कोर्टकचेरी आली. आल्फाँस बो द रोशा या फ्रेंच इंजिनिअरने १८६२ मध्येच एका पुस्तिकेत चार धावांचे चक्र मांडले होते. त्याने इंजिन कधी बनविले नाही, ती पुस्तिकाही कोणी फारशी वाचली नव्हती. पण प्रतिस्पर्ध्यांनी ती शोधून काढली आणि ३० जानेवारी १८८६ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने ओटोच्या पेटंटाचा गाभाच रद्द केला. कार्ल बेन्झने आपल्या मोटारगाडीच्या पेटंटासाठी अर्ज केला तो आदल्याच दिवशी. कायद्याच्या दृष्टीने निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही, आणि त्यामुळे चार धावांचे इंजिन सर्वांना खुले झाले हेही खरे. परंतु कागदावरची कल्पना आणि चौदा वर्षांनी चालून दाखविलेले यंत्र यांना एकाच तराजूत तोलले गेले, याची खंत त्याला अखेरपर्यंत राहिली.

मॅग्नेटोवर तर पेटंटाचा अडसरही नव्हता. १८८७ मध्ये श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश या तरुण कारागिराकडे एका गिऱ्हाइकाने डॉइट्झसारखे उपकरण मागितले. त्याने ते बनविले, सुधारले आणि पुढे त्याच धंद्यावर आपला कारखाना वाढविला. १८९७ मध्ये बॉशने मॅग्नेटो वेगवान वाहनाला बसविला, आणि १९०२ मध्ये त्याचा सहकारी गोटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची जोडी तयार केली. जुन्या मोपेडच्या, फवारणी यंत्राच्या, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालविण्याच्या शेतपंपाच्या फ्लायव्हीलखाली जो मॅग्नेटो असे, तो याच वंशातला. अशा पंपावर हात काळे केलेल्या मेकॅनिकला इंधनबदलाचे मर्म पुस्तकाविना ठाऊक असते. रॉकेल लवकर ठोका देते, म्हणून दाब कमी ठेवावा लागतो. इथेनॉल उलट जास्त दाब आणि थोडी आगाऊ ठिणगी सोसते, मात्र जेट मोठे लागते आणि थंडीत पेट्रोलची मदत लागते. लिटरमागे त्यात उष्णता पेट्रोलच्या दोनतृतीयांशच असते. म्हणून शुद्ध इथेनॉलसाठी टायमिंग, जेट आणि दाब न बदलता नुसती टाकी भरली तर तोटाच पदरी पडतो. मिश्रणातही हाच हिशेब कमी प्रमाणात लागू होतो. मोठ्या गाड्यांत ही जुळवाजुळव संगणक करतो. लहान इंजिनाच्या मालकासाठी ती कोण करणार, हे इंधनाचे धोरण आखताना क्वचितच विचारले जाते.

ओटो २६ जानेवारी १८९१ रोजी कोलोन येथे वारला. त्याचे वय अठ्ठावन्न होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी, स्वतःचे खनिज तेल जेमतेम असलेल्या जर्मनीने बटाट्याच्या स्पिरिटवर इंजिने चालविण्याचा जोराचा प्रयत्न केला. डॉइट्झच्या कारखान्यानेही तशी इंजिने बनविली, आणि प्रशियाच्या कचेरीने १८६१ मध्ये परत पाठविलेली कल्पना ओटोच्या पश्चात त्याच्याच कारखान्यातून बाहेर पडली.