एलायजा मॅकॉय

एलायजा मॅकॉय (जन्म : १८४४ च्या सुमारास, मृत्यू : १० ऑक्टोबर १९२९) हे कॅनडात जन्मलेले आफ्रिकी-अमेरिकन अभियंते व संशोधक होते. चालत्या यंत्राला, ते न थांबवता, आपोआप वंगण पुरवणाऱ्या उपकरणांसाठी ते ओळखले जातात. त्यांच्या नावावर सुमारे ५७ पेटंटे असून त्यांपैकी बहुतेक वंगणाशी संबंधित आहेत.

== बालपण व शिक्षण ==

मॅकॉय यांचे आईवडील, जॉर्ज व मिल्ड्रेड, हे अमेरिकेच्या केंटकी राज्यात गुलामगिरीत होते. पळून जाणाऱ्या गुलामांना मदत करणारे एक गुप्त जाळे त्या काळी कार्यरत होते. त्याला 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणत असले, तरी प्रत्यक्ष लोहमार्गाशी त्याचा संबंध नव्हता. या जाळ्याच्या आधारे ते दोघे कॅनडात पोचले. ब्रिटिश साम्राज्यात १८३४ पासून गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली असल्यामुळे तेथे ते स्वतंत्र नागरिक म्हणून राहू शकत होते. आजच्या ऑन्टारिओ प्रांतातील कोल्चेस्टर येथे एलायजा यांचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब अमेरिकेत परतले आणि मिशिगन राज्यातील इप्सिलँटी या गावी स्थायिक झाले.

यंत्रांची आवड पाहून आईवडिलांनी एलायजा यांना वयाच्या पंधराव्या वर्षी स्कॉटलंडमधील एडिनबरो येथे पाठवले. तेथे उमेदवारी करून त्यांनी यंत्र अभियांत्रिकीचे प्रशिक्षण पूर्ण केले.

== रेल्वेतील नोकरी ==

प्रशिक्षित अभियंता म्हणून परतलेल्या मॅकॉय यांना त्यांच्या वर्णामुळे अभियंत्याचे काम मिळाले नाही. मिशिगन सेंट्रल रेल्वेत त्यांनी आगवाल्याची नोकरी पत्करली. भट्टीत कोळसा टाकणे आणि इंजिनाच्या भागांना तेल घालणे हे त्यांचे काम होते.

त्या काळी वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरानंतर थांबवून हाताने तेल घालावे लागे. तेल संपले की सिलिंडर व दट्ट्या एकमेकांवर कोरडे घासत, तापत आणि झिजत. शिवाय प्रत्येक थांब्यामागे वेळ व इंधन वाया जाई. हे काम रोज स्वतः करत असल्यामुळे त्यातील अडचण मॅकॉय यांना जवळून कळली, आणि तिच्यावर उपाय शोधण्याइतके शिक्षणही त्यांच्यापाशी होते. इप्सिलँटी येथील आपल्या घरगुती कार्यशाळेत त्यांनी प्रयोग सुरू केले.

== वंगणपात्राचा शोध ==

जुलै १८७२ मध्ये मॅकॉय यांना वाफेच्या इंजिनाच्या स्वयंचलित वंगणपात्राचे पेटंट मिळाले. सिलिंडरला जोडलेल्या या तेलपात्रात एक झडप होती. इंजिनातील वाफेच्याच दाबाने ती उघडे आणि तेल सिलिंडरमध्ये उतरे. त्यामुळे केवळ तेल घालण्यासाठी इंजिन थांबवण्याची गरज कमी झाली.

अशा प्रकारचा हा पहिलाच प्रयत्न नव्हता. इंग्लंडमधील जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६० मध्येच वाफेवर चालणारे एक वंगणपात्र तयार केले होते. मॅकॉय यांचे वैशिष्ट्य सातत्यात आहे. पुढील चार दशकांहून अधिक काळ ते आपल्या रचनेत सुधारणा करत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी अतितप्त वाफेवर चालणारी इंजिने आली, तेव्हा तीव्र उष्णतेत नेहमीचे तेल टिकेना. त्यावर तेलात ग्रॅफाइटची पूड मिसळून पुरवणाऱ्या उपकरणाचे पेटंट त्यांनी १९१५ मध्ये घेतले. इस्त्रीचे घडीचे टेबल व हिरवळीवर पाणी शिंपडण्याचे साधन यांचीही पेटंटे त्यांच्या नावावर आहेत.

== मोटारीच्या इंजिनाशी संबंध ==

मॅकॉय यांचे मुख्य कार्य वाफेच्या इंजिनांविषयी असले, तरी त्यांनी हाताळलेला प्रश्न मोटारीच्या इंजिनातही कायम राहिला. आरंभीच्या अनेक मोटारींत थेंबाथेंबाने तेल सोडणारी पात्रे बसवलेली असत. ही पद्धत वाफेच्या यंत्रांकडूनच आली होती. पुढे तेल उडवून शिंपडण्याची व त्यानंतर पंपाच्या दाबाने ते फिरवण्याची पद्धत रूढ झाली.

नव्या इंजिनात वंगणाचे महत्त्व विशेष जाणवते. कारखान्यातून आलेले दट्ट्याचे कडे व सिलिंडरची भिंत डोळ्यांना गुळगुळीत दिसली, तरी त्यांवर अतिसूक्ष्म उंचवटे असतात. सुरुवातीच्या प्रवासात ते एकमेकांवर घासून जुळतात. या काळाला 'रनिंग-इन' म्हणतात. त्यात इंजिनावर फार भार न देता, एकाच वेगाने सतत न चालवता, वेग बदलत गाडी चालवणे हिताचे असते. घासून निघालेले धातूचे कण तेलात मिसळतात. म्हणून पूर्वी पहिले तेल लवकर काढून नवे भरण्याची प्रथा होती. आता भाग अधिक अचूक बनत असल्याने ही मुदत गाडीगणिक बदलते व ती उत्पादकाच्या पुस्तिकेवरून ठरते.

== अखेरचा काळ ==

मॅकॉय यांचा पहिला विवाह १८६८ मध्ये अ‍ॅन एलिझाबेथ स्टुअर्ट यांच्याशी झाला. १८७२ मध्ये, पहिले पेटंट मिळाले त्याच वर्षी, अ‍ॅन यांचे निधन झाले. १८७३ मध्ये त्यांनी मेरी एलिनोरा डिलेनी यांच्याशी विवाह केला. १८८२ च्या सुमारास हे दांपत्य डेट्रॉईट येथे राहावयास गेले. मेरी यांनी तेथील स्त्रियांच्या संस्थांमध्ये महत्त्वाचे कार्य केले.

स्वतःचा कारखाना उभारण्याइतके भांडवल नसल्यामुळे मॅकॉय आपल्या पेटंटांचे हक्क इतरांना विकत असत. परिणामी त्यांची बरीच उपकरणे त्यांच्या नावाविना बाजारात गेली. १९२० मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, त्यांनी स्वतःच्या नावाची उत्पादन कंपनी स्थापन केली. १९२२ मध्ये पतिपत्नींना मोटार अपघात झाला. त्यातील दुखापतींतून मेरी सावरल्या नाहीत, आणि एलायजा यांचीही प्रकृती खालावत गेली. १९२९ मध्ये डेट्रॉईटजवळील एलॉईज रुग्णालयात त्यांचे निधन झाले.

== वारसा ==

'द रिअल मॅकॉय' म्हणजे अस्सल वस्तू, हा इंग्रजी वाक्प्रचार त्यांच्या उपकरणांवरून रूढ झाला, अशी लोकप्रिय समजूत आहे. मात्र 'मॅके' या आडनावासह त्याचे रूप स्कॉटलंडमध्ये १८५६ मध्येच, म्हणजे मॅकॉय यांच्या पहिल्या पेटंटाआधी, आढळते. त्यामुळे ही व्युत्पत्ती सिद्ध मानली जात नाही.

२००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचा समावेश करण्यात आला. २०१२ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाची डेट्रॉईट येथे शाखा उघडली, तिला एलायजा मॅकॉय यांचे नाव देण्यात आले.